झेड-३ च्या मागच्या बाजूला आवाज: शॉकअप बदलण्याआधी काय तपासावं?

पन्हाळा_रोडस्टर

गाडी बीएमडब्ल्यू झेड-३, १९९८, १.९ लिटर, मॅन्युअल. मागचे टायर २२५/५० आर १६. चार तक्रारी आहेत:

उजवं मागचं चाक एकटंच खड्ड्यात गेलं की कोरडा 'टक' आवाज. दोन्ही चाकं गतिरोधकावरून एकदम गेली तर तो येत नाही.

दुसऱ्या गियरमध्ये रेस सोडून परत दिली की डिकीखालून जड 'धप्प'.

वाघबीळच्या वळणांवर मध्येच रेस सोडली की मागची बाजू बाहेर सरकते. परत रेस दिली की आत येते.

उजव्या मागच्या टायरची आतली कड घासून गुळगुळीत झाली आहे. डावा टायर बरा आहे.

गॅरेजवाले म्हणतात दोन्ही शॉकअप बदला. शॉकअप कोरडे आहेत, तेल कुठेच गळत नाही. पैसे घालण्याआधी आवाज नेमका कुठला हे कसं शोधावं? घरी ट्रॉली जॅक, स्टँड, पहार आणि टॉर्क रेंच आहे.

उद्यमनगर_टूलरूम

शॉकअपची ऑर्डर थांबवा. तुम्ही लिहिलेली लक्षणं एका बिघाडाची नाहीत, निदान तीन वेगळ्या जागांची आहेत.

आधी 'टक'. स्टॅबिलायझर बार (डावं-उजवं चाक जोडून गाडीचं कलणं कमी करणारा दांडा) दोन्ही चाकं सारखी वर-खाली झाली की नुसता फिरतो, त्याच्यावर पीळ पडत नाही. एकच चाक हललं की पीळ पडतो. म्हणजे एका चाकाच्या खड्ड्यात आवाज आणि सरळ गतिरोधकावर शांतता, हे लिंक (बारचं टोक चाकाच्या बाजूला जोडणारी छोटी दांडी) किंवा बारच्या रबराचं लक्षण आहे. शॉकअपचं वरचं माउंट फाटलं असतं तर गतिरोधकावरच जास्त वाजलं असतं. या गाडीत ती माउंट फाटतातही वारंवार, त्यामुळे आतलं अस्तर सोडवून एकदा बघाच, पण पहिला संशय लिंकवर. खात्री करायला दोन्ही बाजूंच्या लिंक खालून सोडा, चाक फिरवणाऱ्या अॅक्सल शाफ्टला लागणार नाहीत अशा बांधा आणि त्याच खड्ड्यातून ताशी १५ किलोमीटरने जा. आवाज गेला तर लिंक नाहीतर बारचं रबर. ही चाचणी गल्लीतच करायची, बार सोडून हायवेला जायचं नाही.

आता 'धप्प'. ही मी सगळ्यात गंभीर धरतो. झेड-३ मध्ये डिफरन्सिअलचा (इंजिनची ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटणाऱ्या गियरच्या डब्याचा) मागचा कान एका रबरी बुशमधून (लोखंडी नळीभोवतीचं धक्का झेलणारं रबर) डिकीच्या तळाच्या पत्र्याला धरलेला असतो. रेस दिली-सोडली की डिफरन्सिअल वर-खाली झुलू बघतं आणि तो सगळा ताण पत्र्याच्या स्पॉट वेल्डवर (पत्रे ठिपक्याठिपक्यांनी जोडणारे वेल्ड) येतो. बुश मेलं की झोक्याचा धक्का होतो आणि वेल्ड एकेक करून सुटतात. रबर बाजारात मिळतं, पत्रा मिळत नाही. म्हणून हे पहिलं तपासा.

डिकीतलं सगळं अस्तर काढा. बॅटरी डिकीतच आहे, तिच्या आजूबाजूचंही सोडू नका. टॉर्च आडवी धरून प्रत्येक स्पॉट वेल्डचा गोल बघा. भोवती रंगाला चीर, गंजाची तांबूस रेघ किंवा सीलर फाटलेलं दिसलं तर वेल्ड हलतंय. खालूनही स्पेअर चाक उतरवून हेच बघा. मग चाकांना अडण लावा, हँडब्रेक पूर्ण ओढा, मोबाईल डिकीत टेकवून व्हिडिओ सुरू करा आणि पहिल्या गियरमध्ये क्लच जरासा चावेपर्यंत सोडून परत दाबा. तसंच रिव्हर्सला. गाडीच्या पुढे-मागे किंवा खाली कुणी थांबायचं नाही. व्हिडिओत पत्रा फुगताना दिसला तर उत्तर मिळालं. पत्रा स्थिर आणि फक्त कान हलतोय, तर बुश गेलंय. दोन्ही ठीक असतील तर गियरबॉक्सकडून डिफरन्सिअलकडे येणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टची रबरी डिस्क आणि मधली बेअरिंग तपासा. डिस्कच्या बोल्टपाशी रबराला चिरा पडलेल्या सापडतात.

करवीर_अलाइनमेंट

तिसरी आणि चौथी तक्रार एकच आहे.

मागे सेमी ट्रेलिंग आर्म आहेत, म्हणजे चाक धरून बिजागरीवर वर-खाली हलणारे हात. आर्मची बिजागरी चाकाच्या पुढे, आतल्या बाजूला आणि तिरकी. रेस दिली की चाक पुढे ढकलतं, सोडली की मागे ओढतं. बुश घट्ट असेल तर हे जाणवत नाही. बुशमध्ये खेळ आला की रेस सोडताक्षणी चाकाचं तोंड बाहेर वळतं, आणि वळणात बाहेरच्या चाकाला हे झालं की मागची बाजू निसटते. पावसात घाटात हे धोक्याचं आहे, दुरुस्ती होईपर्यंत गगनबावड्याला जाऊ नका.

तपासणी: गाडी दोन स्टँडवर घ्या, चाक हवेत. हात ९ आणि ३ वर ठेवून हलवा, मग १२ आणि ६ वर. चाक हबपाशी हललं तर बेअरिंग. हब आणि आर्म एकत्र हलले तर बुश. मग पहार आर्म आणि सबफ्रेमच्या (आर्म जिला जोडलेले असतात ती चौकट) मध्ये घालून हलकेच उचला. बघायचं ते रबर लोखंडी नळीपासून सुटलंय का. काही बुशमध्ये कंपनीनेच पोकळी ठेवलेली असते, तिला फाटलेलं समजू नका. मूळ पोकळीच्या कडा गुळगुळीत आणि दोन्हीकडे सारख्या असतात, फाटलेल्याच्या कडा खडबडीत आणि पहार मारली की उघडतात. सबफ्रेमच्या दोन मोठ्या बुशनाही हीच परीक्षा.

चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजू मोजा. १० मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर स्प्रिंगचा शेवटचा वेढा तुटलाय का बघा.

अलाइनमेंट मशीनवर मागच्या चाकांचे आकडे छापून घ्या, पण तिथे कुणी 'मागचं सेट करून देतो' म्हणाला तर थांबवा. या गाडीला मागे टो (चाकाचं तोंड आत की बाहेर) आणि कॅम्बर (चाकाचा उभा कल) बदलायची कारखान्यातली सोयच नाही. आकडा चुकीचा असेल तर बुश गेलंय, आर्म वाकलाय किंवा गाडी जास्त खाली बसवली आहे.

पन्हाळा_रोडस्टर

दोघांचेही आभार. सगळं तपासलं.

लिंक सोडल्यावर 'टक' पूर्ण गेला. उजव्या लिंकचा बॉल बोटाने हलतोय.

डिकीत दोन स्पॉट वेल्डभोवती चीर आणि गंज आहे. व्हिडिओत क्लच चावताना पत्रा तिथे हलतो, आणि डिफरन्सिअलचं बुशही सुटलेलं आहे.

उजव्या आर्मचं आतलं बुश नळीपासून निम्म्याहून जास्त सुटलंय. बेअरिंग घट्ट आहे. उंची दोन्हीकडे सारखी. प्रिंटमध्ये उजव्या चाकाचा टो बाहेर आहे, डावा मर्यादेत.

आता क्रम कसा लावू? आणि बुश रबराचे की पॉलियुरेथेनचे?

उद्यमनगर_टूलरूम

पत्रा आधी. वेल्डिंगपूर्वी बॅटरी गाडीतून बाहेर, इलेक्ट्रॉनिक युनिटचे प्लग सोडलेले, अस्तर आणि सीलर खरवडून काढलेलं, आग विझवायचं सिलिंडर हाताशी. पेट्रोल टाकी मागच्या अॅक्सलच्या पुढेच आहे हे वेल्डरला आधी सांगा. डिफरन्सिअलचा भार खालून जॅकने घेऊन पत्रा मूळ जागेवर बसवा, नाहीतर वाकलेल्या अवस्थेतच जोडला जाईल. सुटलेल्या स्पॉटवर छिद्र पाडून मिग वेल्डिंगने ते भरायचं (प्लग वेल्ड), चिरेच्या टोकाला आधी बारीक छिद्र म्हणजे चीर पुढे पळत नाही. नुसतं तेवढ्यावर भागवू नका. ताण पसरवणारी जोडपट्टी डिकीच्या आतून बसवा, सलग वेल्ड न ओढता छोटे टाके, एकदा इकडे एकदा तिकडे, म्हणजे पत्रा ओढला जात नाही. शेवटी झिंक प्रायमर, सीलर आणि पोकळीत मेण. आपल्याकडच्या पावसात उघडा वेल्ड एका मोसमात गंजतो.

आर्मची चारही बुश बदला, एक नवं आणि तीन जुनी असा मेळ बसत नाही. दाबायला पुलर लेथवर वळवून घ्या: बुशच्या बाहेरच्या नळीपेक्षा अर्धा मिलिमीटर लहान ढकलणारी रिंग, दीड-दोन मिलिमीटर मोठा घेणारा कप, मध्ये १०.९ दर्जाचा बोल्ट आणि थ्रस्ट बेअरिंग. साधा गॅल्व्हनाइज्ड रॉड आटे सोडतो. नवीन बुश आणि आर्म दोन्ही व्हर्नियरने मोजा. बसवताना साबणाचं पाणी, ग्रीस नाही. खनिज तेल रबर फुगवतं.

करवीर_अलाइनमेंट

रोजच्या रस्त्याला रबरच घ्या. पॉलियुरेथेन ट्रॅकवर चांगलं, पण लाल माती आणि पाणी आत गेलं की किरकिरतं, सिलिकॉन ग्रीस परत परत भरावं लागतं. शिवाय डिफरन्सिअलला कडक बुश घातलं तर तो धक्का थेट त्याच पत्र्यावर जातो. टूलरूमवाल्यांचा वेल्ड कितीही चांगला असला तरी तिथे रबरच हवं.

एक गोष्ट गॅरेजमध्ये हमखास चुकते. आर्मचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटपर्यंत आवळू नका. रबराची आतली नळी बोल्टने जागेवर जखडली जाते. आर्म लोंबकळत असताना आवळलं की गाडी जमिनीवर येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवीन बुश लवकर फाटतं. बोल्ट हाताने भिडवा, गाडी चाकांवर रॅम्पवर घ्या, दोन्ही सीटवर माणसं बसवा, दोन-तीनदा मागून दाबून सोडा आणि मग टॉर्क द्या.

लिंक दोन्ही बाजूंच्या बदला. शॉकअप तसेच राहू देत, फक्त खालचा बोल्ट सोडून हाताने पूर्ण दाबा-ओढा. कुठेही मोकळा झोल लागला तरच नवे. वरच्या माउंटचे नट छोटे आहेत, २०-२५ न्यूटन मीटरच्या पुढे गेलात तर बोल्ट तुटतो.

उजवा टायर बुश बदलून अलाइनमेंटचे आकडे परत तपासल्यानंतर बदला, आधी बदलला तर त्याचीही कड जाईल. चाकाचे बोल्ट ११० न्यूटन मीटरच्या आसपास, आणि ५०-६० किलोमीटर चालवून परत तपासा. डिकीचं अस्तर लगेच चिकटवू नका. पहिले दोन-तीन आठवडे पत्रा उघडा ठेवा, म्हणजे वेल्डच्या रंगाला केसाएवढी चीर आली तरी दिसेल.