मदत हवी आहे: शिक्षकांच्या खगोलविषयक गैरसमजांसाठी मराठी प्रश्नावली

नमस्कार. एम.एड.च्या लघुप्रबंधासाठी मुंबईतल्या मराठी माध्यमाच्या 24 विज्ञान शिक्षकांच्या खगोलविषयक कल्पना तपासते आहे. सगळे सहावी ते आठवीला शिकवतात.

आधी साधे बहुपर्यायी प्रश्न दिले. ऋतू का होतात, याला बहुतेकांनी 'पृथ्वीचा अक्ष कललेला असतो' हेच निवडलं. पण नंतर चहा घेताना त्यांतलेच काही म्हणाले, उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ असते ना! प्रत्यक्षात ती सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला. म्हणजे पाठ केलेलं उत्तर आणि खरी समज यांतला फरक माझ्या प्रश्नांत सापडतच नाही.

मग उत्तरासोबत कारणही निवडायचे, असे द्विस्तरीय प्रश्न इंग्रजीतून मराठीत आणले. भाषा फार बोजड झाली. सूर्य डोक्यावर आला की सावली नाहीशी होते, तो प्रयोगही सुचला होता, पण मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या मध्यावर, सुट्टीत, आणि जुलैअखेर, ऐन पावसात.

प्रत्येकाकडून 20 मिनिटंच मिळतात, रेकॉर्डिंगला नकार आहे. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात चौकशी करणारच आहे.

मराठीत आधी वापरून पाहिलेले असे द्विस्तरीय प्रश्न कुणाकडे आहेत का? नसल्यास, आकृती काढायला सांगून एवढ्या वेळात कारणापर्यंत कसं पोचायचं, तेही शिक्षकांना आपली परीक्षा चाललीय असं न वाटता?