स्वीडिश शिकताना: स्पेलमान, लोत आणि न्यूकेलहार्पा

स्वीडिश शिकताना गिटार, पियानो, फिऊल (व्हायोलिन) अशी वाद्यांची नावं येतात, त्यात थोडी भर. नुसती नावं पाठ करू नका, 'स्पेला' या क्रियापदासकट घ्या: 'या स्पेलार फिऊल', मी व्हायोलिन वाजवते. लोकसंगीत वाजवणारा तो 'स्पेलमान', त्याची धून ती 'लोत'.

स्वीडनमधल्या उप्लांद प्रांताची 'न्यूकेलहार्पा' तर ऐकाच! वाजते गजाने, पण बोटं तारांवर नसतात, लाकडी चाव्या दाबून सूर बदलतात. माझं फार आवडतं वाद्य.

चित्रकार आन्डेश सोर्न यांनी १९०६ साली येसुन्दा गावी स्पेलमानांची स्पर्धा भरवली होती. आजही त्यांच्या नावाचं रौप्यपदक मिळालं की 'रिक्सस्पेलमान' (राष्ट्रीय स्पेलमान) ही पदवी लावता येते.