मदत हवी आहे: हेल्मेटमधला अल्टिमीटर वर गेला की मुका होतो

मंडळी, मी इथे कॅलिफोर्नियात पेरिसला (पॅरिस नव्हे!) शनिवार-रविवार स्कायडायव्हिंग करतो. हेल्मेटमध्ये कानापाशी ऑडिबल अल्टिमीटर (उंची मोजून ठरलेल्या उंचीला गजर देणारं यंत्र) असतो; गजर ५,५००, ४,००० आणि ३,००० फुटांवर लावलेत. गेल्या रविवारी पहिल्या दोन उड्यांना नीट वाजला. तिसरीला पहिला गजर अर्धवट चिरकला आणि मग चिडीचूप. खाली येऊन पाहतो तर स्क्रीनवर बॅटरी जवळजवळ पूर्ण! मनगटावर काट्याचा अल्टिमीटर होता, त्याला सेलच लागत नाही, म्हणून निभावलं.

माझा संशय थंडीवर आहे. १२,५०० फुटांवर तापमान जमिनीपेक्षा साधारण २५ अंश सेल्सिअसने कमी असतं, आणि गारठ्यात नाण्याएवढ्या लिथियम सेलचा अंतर्गत रोध वाढतो. स्क्रीनला चिमूटभर करंट पुरतो. बीपरने जोर मागितला की व्होल्टेज ढासळत असावं.

नवा सेल टाकतोच आहे, सेल टेकतो ती आतली धातूची पट्टीही पुसून घेईन. पण तुम्ही सेल कधी बदलता, उड्या मोजून की दर सीझनला? आणि सेलवर लोड टाकून व्होल्टेज मोजायची घरगुती युक्ती कुणाकडे आहे का? मल्टीमीटर आहे. शनिवार तोंडावर आलाय.