‘मंदीतच ट्यूनिंगचं दुकान टाका’ म्हणणाऱ्यांना उत्तर (लांब आहे, चहा घेऊन बसा)

तिसरा_गिअर

परवा टर्बोदादांनी इथे विचारलं होतं की कंपनीने हिशेब करून घरी पाठवलंय, हातात १२ लाख आहेत, घरचं अजून ८ पर्यंत जमेल, तर मुंबईत ईसीयू रीमॅप (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलून ताकद वाढवणं) आणि एक्झॉस्टचं, म्हणजे सायलेन्सरचं, दुकान टाकू का. त्यावर एका महाशयांचं उत्तर, "मंदीतच धंदा टाकावा, गाळे स्वस्त मिळतात, लोक नवी गाडी घेत नाहीत म्हणून जुनीवर खर्च करतात, टाका बिनधास्त." आणि त्याखाली टाळ्यांचा पाऊस. दुसऱ्याच्या २० लाखांवर बिनधास्त व्हायला काय जातं हो?

मी २०१७ च्या दिवाळीत साकीनाक्याच्या आत एक गाळा घेऊन हेच दुकान टाकलं होतं, भागीदारीत. २०२१ ला शटर ओढलं. त्यामुळे जे लिहितोय ते भोगून लिहितोय.

लोक जुनी गाडी ठेवतात हे खरं, पण तिच्यावर खर्च कशाचा करतात ते बघा ना. क्लच प्लेट, सस्पेन्शनचे बुश, एसीचा कॉम्प्रेसर, पावसाळ्याआधी वायपर न् ब्रेक पॅड. ज्याचा पगार दोन महिने उशिरा येतोय तो माणूस जास्तीच्या २५ बीएचपी ताकदीसाठी हजारो रुपये काढून देणार नाही, तो टायर अजून एक पावसाळा चालतील का हे विचारायला येणार. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी मला दोन वर्षांनी कळली, ती म्हणजे रीमॅप गाडीच्या आयुष्यात एकदाच होतो. क्लचवाला गिऱ्हाईक परत येतो, ऑइलवाला वर्षाला येतो, स्टेज वनवाला (पार्ट न बदलता नुसता रीमॅप करून घेणारा) हसत हसत जातो आणि पुन्हा दिसतो तो फक्त काही बिघडलं तर. म्हणजे रोज नवीन माणूस शोधा, तेही मुंबईत, जिथे गाडी दुसऱ्या गिअरच्या वर जात नाही!

त्यात आमची भाकरी होती डिझेलवर. स्विफ्ट, डिझायर, ते १३०० सीसीचं मल्टिजेट, अर्ध्या देशात तेच इंजिन होतं. २५ मार्च २०२० ला लॉकडाऊन आणि १ एप्रिलला धुराचे नवे नियम, बीएस सिक्स. मारुतीने डिझेलच बंद केलं. पुढे २०२२ ला फोक्सवॅगनची पोलोही बाजारातून गेली. नव्या गाड्यांचे ईसीयू बऱ्याचदा गाडीतल्या डायग्नोस्टिक पोर्टवरून उघडतच नाहीत, काढून टेबलावर घेऊन उघडावे लागतात, हात थरथरला की लाखाचा डबा विटेसारखा हातात.

कायद्याचं तर कोणी बोलतच नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल चालणार नाही, कलम ५२. त्याच वर्षी कायदा बदलला, आता प्रत्येक बदलाला ५००० दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, तेही गाडीच्या मालकाला. आणि तो मालक पावती घेऊन कुणाच्या दारात येतो? तुमच्या.

पोलोवाला_ठाणे

वाचलं सगळं. दादा, राग मानू नका पण तुमचं दुकान मंदीने नाही बुडालं, गाळ्याने बुडालं. मी वागळे इस्टेटला एका मित्राच्या गॅरेजात कोपरा घेऊन बसतो, ईसीयूची फाईल वाचायचं-चढवायचं टूल, लॅपटॉप, बॅटरी सपोर्टचा चार्जर, बास. निम्मं काम तर गिऱ्हाईकाच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये करतो. लॉकडाऊन उठल्यावर सगळ्यात जास्त गाड्या मी केल्यात, कारण लोकांना नवीन गाडीसाठी महिनोन् महिने वेटिंग होतं. म्हणून "मंदीत चालत नाही" हे बाकीच्यांना सांगा. चालतं, फक्त खर्च अंगाबाहेर जाऊ द्यायचा नाही.

आणि मराठी माणसाने काही करायचं म्हटलं की आधी दहा मराठी माणसंच पाय ओढायला हजर, हे पण लिहून ठेवतो.

तिसरा_गिअर

आलं, मराठी माणूस आलाच! अहो मी आकडे सांगतोय, जात-पात-भाषा कुठून आली मध्ये.

पार्किंगमध्ये फाईल मारता म्हणजे डायनो (गाडी रोलरवर चालवून ताकद मोजायचं मशीन) नाही. लॉगिंग (चालत्या गाडीचे आकडे नोंदवणं) कुठे करता, घोडबंदरला की सर्व्हिस रोडला? तुमचं टूल मास्टर (ज्यावर फाईल स्वतः बदलता येते) आहे की स्लेव्ह? स्लेव्ह असेल तर स्टॉक, म्हणजे कंपनीची मूळ, फाईल वाचून कुठल्या तरी देशात पाठवायची, तिथला माणूस अर्ध्या तासात आकडे वाढवून परत पाठवतो आणि तुम्ही ती चढवता. त्याने आपला उन्हाळा बघितलाय का, आपलं पेट्रोल बघितलंय का? याला ट्यूनिंग नाही म्हणत, कुरिअर म्हणतात.

आमच्याकडे एक पोलो आली होती, सातगिअरवाली ऑटोमॅटिक. तो ड्राय क्लचचा गिअरबॉक्स जास्तीत जास्त २५० न्यूटन मीटर टॉर्क (इंजिनचा फिरवायचा जोर) झेपणारा, गाडी मूळची १७५ ची. कुणीतरी पार्किंगमध्येच टॉर्क हद्दीला नेऊन ठेवलेला, टॉर्क लिमिटर पण उडवलेला. सायन-पनवेलला ट्रॅफिकमध्ये मेकॅट्रॉनिक (गिअरबॉक्स चालवणारं युनिट) गेलं. खर्चाचा आकडा ऐकून तो मुलगा माझ्या गाळ्यात खाली बसला. ती फाईल तुमची होती असं म्हणत नाही, पण ठाण्याचीच होती.

पोलोवाला_ठाणे

मास्टर आहे. २०२२ पासून. आणि मेकॅट्रॉनिक स्टॉक गाडीचं पण जातं, गूगल करा. पण ठाण्याचीच होती हे मुद्दाम लिहिलंत ना, कळलं.

गिरगावची_सुनंदा

तुमचं दुकान चालो की न चालो, आम्हाला झोपू द्या एवढीच विनंती. माझ्या सासूबाईंचं बायपास झालंय. घर चौपाटीच्या मागे. शनिवारी रात्री १ वाजता मरीन ड्राइव्हवरून जे फाड फाड फाड सुरू होतं ते ३ पर्यंत, त्या दचकून उठतात आणि मग सकाळपर्यंत जप करत बसतात. कोस्टल रोड झाल्यापासून तर विमानतळच झालाय. रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आमच्या खिडकीत तेवढा आवाज नुसता पंख्याचा असेल. तर टर्बोदादा, तुम्ही जे एक्झॉस्टचं दुकान टाकणार आहात ते कृपया तुमच्या स्वतःच्या आईच्या बेडरूमखाली टाका.

पोलोवाला_ठाणे

ताई, तुमच्या सासूबाईंना बरं वाटो, पण रीमॅपने आवाज होत नाही, ते सॉफ्टवेअर आहे. तुम्ही ऐकता ते बुलेटवाले.

बुलेट_डोंबिवली

झालं! कुठेही काही वाजलं की बुलेट. अरे माझी बुलेट स्टॉक आहे, नऊ वर्षं स्टॉक आहे, तरी नाक्यावर मलाच थांबवतात आणि सायलेन्सरवर काठी वाजवून बघतात, आणि मागून स्पोर्ट्स कारवाला बोंबलत जातो त्याला सलाम. जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो येतात ना पेपरात, त्यात गाडीचा एक्झॉस्ट बघितलाय का कधी? सगळे बाइकचे. मोठ्या गाडीवाल्याचा फोन जातो वर.

गिरगावची_सुनंदा

@पोलोवाला, तुमच्या नावावर टिचकी मारली, तुमची जाहिरात वाचली. "स्टेज वन + पॉप्स अँड बँग्स, स्पेशल ऑफर." हे पॉप्स अँड बँग्स म्हणजे जप आहे का?

तिसरा_गिअर

😂 सुनंदाताई, दंडवत.

फटाका मॅप म्हणतात त्याला. पाय काढला तरी थोडं पेट्रोल चालू ठेवायचं, टायमिंग मागे ओढायचं, म्हणजे ते सिलेंडरमध्ये न जळता पुढे सायलेन्सरमध्ये जळतं. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्यात भाजून निघतो. शुद्ध सॉफ्टवेअर बरं का, आवाज अजिबात नाही.

पोलोवाला_ठाणे

ठीक आहे. जाहिरातीत आहे. गिऱ्हाईक मागतं म्हणून देतो, पोरं व्हिडिओ बघून येतात, पॉवर किती वाढली विचारतच नाहीत, फटाके वाजतील का विचारतात. मी नाही म्हटलं तर पुढच्या गल्लीत जातील. आणि हो ताई, उपरोधाचं बक्षीस तुम्हाला.

गिरगावची_सुनंदा

पुढच्या गल्लीत जातील हे तर हातभट्टीवाला पण म्हणतो.

सेक्रेटरी_मुलुंड

विषय निघालाच आहे तर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाहेरचा माणूस लॅपटॉप लावून दोन तास गाडी सुरू ठेवतो याला कुठल्या बायलॉने परवानगी आहे? आमच्याकडे हेच झालं, वर धूर गेला, मीटिंगमध्ये भांडण झालं, शेवटी नोटीस लावली. त्यावर एका मेंबरने मलाच विचारलं की इंजिन सुरू न ठेवता गाडी कशी चेक करणार. वीस वर्षं फुकट सेक्रेटरीगिरी करतोय.

परळचे_काका

तुम्हा मुलांचं वाचून करमणूक होते. आमच्या काळी ट्यूनिंग म्हणजे पॉइंट घासणे, प्लगची गॅप, टॅपेट आणि कार्बोरेटर. स्क्रू ड्रायव्हर कार्बोरेटरवर आणि कान इंजिनवर. प्रीमियर पद्मिनीवाला टॅक्सीवाला यायचा, "काका अ‍ॅव्हरेज देत नाही", अर्ध्या तासात मोकळा. पॉवर कोणी मागायचं नाही, सगळे अ‍ॅव्हरेज मागायचे. कठीण काळातलं ट्यूनिंग तेच, पैसे वाचवणारं.

कठीण काळ म्हणाल तर माझे वडील १९८२ च्या संपात घरी बसले ते बसलेच, गिरणी परत सुरू झालीच नाही. मी अकरावी सोडून टॅक्सीच्या गॅरेजात पोऱ्या लागलो, चार वर्षांनी फुटपाथवर स्वतःची पेटी मांडली. धंदा टाकू का नको असा प्रश्नच नव्हता, चूल पेटायची होती. पण एक सांगतो, पेटीत पाने होते तेवढंच भांडवल. कर्ज नाही, सोनं मोडलं नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा पेटी पुसून ठेवून दिली.

टर्बोदादा, ते घरचे ८ लाख म्हणजे बायकोचे दागिने का? तसं असेल तर मी गिअरच्या बाजूने.

हिशेबनीस

गाड्यांचं मला कळत नाही, पण एक गोष्ट. माझ्या मामांचं कुर्ल्याला, सीएसटी रोडच्या बाजूला काचेच्या फिल्मचं दुकान होतं. २०१२ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने काळ्या फिल्मवर बंदी आणली. मामांनी सीझनसाठी नुकताच माल भरला होता. ज्या काचांना पैसे घेऊन फिल्म लावली त्याच काचांवरून ती सोलायला लोक आले, तेही फुकट मागत. मामा महिनाभर ब्लेड घेऊन तेच करत होते. ज्या धंद्याचा गाभा एका निकालाने जातो त्यात घरचं सोनं टाकत नाहीत.

पण तिसरा_गिअर, तुम्ही पण अर्धंच सांगताय. पेट्रोल शंभरच्या वर आहे. मुंबईत सीएनजीच्या रांगा पंपाबाहेर रस्त्यावर येतात. सीएनजी किट बसवणं कायदेशीर आहे, आरसीवर नोंद होते. माझा जावई सांगतो की सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलेंडरला वेगळा गॅस सोडणारं) किट बसवल्यावर लॅपटॉप लावून मॅप नीट बसवला नाही तर गाडी चढाला मरते, आणि ते नीट बसवणारे फार थोडे. हे ट्यूनिंग नाही का?

तिसरा_गिअर

आहे. (हे लिहिताना दात ओठ खातोय.) पेट्रोल आणि सीएनजीच्या इंजेक्शनच्या वेळा जुळवायच्या असतात, लोडवर, गरम इंजिनवर, रस्त्यावर चालवून. बहुतेक फिटर ऑटो कॅलिब्रेशनचं बटण दाबून चावी हातात देतात. बाहेरून बिघडून आलेल्या गाड्या शेवटच्या वर्षी आमच्याकडे यायच्या आणि खरं सांगायचं तर शेवटचे आठ महिने भाडं त्यावरच निघालं. भागीदाराला लाज वाटायची, म्हणायचा आपण परफॉर्मन्सवाले, आपल्या बोर्डाखाली टूर टॅक्सी उभी नको. बोर्ड मस्त होता आमचा.

पोलोवाला_ठाणे

म्हणजे तुमचं दुकान चालत होतं, भागीदाराने बुडवलं. मी म्हटलं तसं नाही, पण जवळपास.

तिसरा_गिअर

घ्या, जिंकलात. फटाके वाजवा.

टर्बोदादा

नमस्कार सगळ्यांना. दोन दिवस आलो नाही कारण वसईला फिरत होतो. काका, दागिने नाहीत, पीपीएफ आहे, पण तिच्या नावाचं आहे, म्हणजे तेच. सुनंदाताई, आई माझ्याबरोबरच राहते आणि तिला पण झोप लागत नाही, एक्झॉस्ट यादीतून काढलं, शपथ.

खरं सांगायचं तर विचारलं तेव्हाच अर्धं ठरलं होतं. वसई पूर्वेला एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा बघितलाय, ५१,००० टोकन दिलंय. अकरा वर्षं एकाच कंपनीत इंजिन कॅलिब्रेशन (ईसीयूतले मूळ आकडे बसवणं) केलंय, दुसरं काही येत नाही, पंचेचाळीसाव्या वर्षी मुलाखतीला बोलावत पण नाहीत. आता वाचल्यावर ठरवतोय की सर्व्हिस आणि सीएनजी आठवडाभर, रीमॅप फक्त शनिवारी, घरच्या ८ ला हात नाही.

तिसरा_गिअर

अकरा वर्षं कॅलिब्रेशन?? अहो मग आधी सांगायचं ना, मी आपला रीमॅप म्हणजे काय ते तुम्हाला शिकवत बसलो. तरी माझं मत तेच आहे. टोकन देऊन मग विचारतात का कधी?

असो. थ्री फेज आहे का गाळ्यात? आणि उंची किती?

टर्बोदादा

थ्री फेज आहे म्हणाले. उंची चांगली आहे, मध्ये एक बीम आलाय, १० फूट असेल. मोजलं नाही.

तिसरा_गिअर

गाडी लिफ्टवर ६ फूट उचलली, गाडी स्वतः ५ फूट, झाले ११. टप बीमला. सर्व्हिस काय पाठीवर झोपून करणार? लिफ्टची ऑर्डर देऊ नका अजून. रविवारी मी नालासोपाऱ्याला बहिणीकडे आहे, ११ वाजता येतो, टेप घेऊन या. आणि टोकनची पावती बरोबर ठेवा, बीम आडवा आला तर मालकाशी बोलावं लागेल.

टर्बोदादा

पावती नाही दिली. व्हॉट्सॲपवर "ओके रिसीव्हड" लिहिलंय आणि हात जोडल्याचं चित्र आहे.

परळचे_काका

रविवारी मी पण येतो.