मदत हवी आहे : एच-१बीवरची नोकरी सोडताना कंपनी पैसे मागते आहे

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत एका कन्सल्टिंग कंपनीत एच-१बीवर (अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा) आहे. दुसरीकडे चांगली ऑफर आली, नव्या कंपनीने ट्रान्सफरची पिटिशन (सरकारकडचा अर्ज) भरली, रिसीट हातात आली, मगच त्याने राजीनामा दिला. लगेच एचआरची मेल: करारातली दोन वर्षं पूर्ण झालेली नाहीत, ८,००० डॉलर भरा. सोबत तक्ता आहे. वकिलाची फी, पिटिशनची फी, १,५०० डॉलर 'ट्रेनिंग फी', आणि उरलेली मोठी रक्कम नुसती 'नुकसानभरपाई'. कशाचं नुकसान, ते कुठेच लिहिलेलं नाही. शेवटच्या पगारातून कापून घेणार, बाकीचे हप्त्याने द्या म्हणतात, आणि त्यासाठी नवा करार पाठवलाय. शुक्रवारपर्यंत सही हवी, नाहीतर व्हिसा रद्द करू, असं फोनवर सांगितलं.

पोरगा घाबरून सही करायला निघालाय. आईबाबांना काही कळू दिलेलं नाही. अशी कपात चालते का? व्हिसाला खरंच धक्का लागेल का? माहिती असेल त्यांनी कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद :

ताई, आधी त्याला सही करू देऊ नका.

ती १,५०० डॉलरची फी म्हणजे एच-१बीची सरकारी ट्रेनिंग फी दिसते (२५ पर्यंत कर्मचारी असतील तर ७५०). ती कंपनीनेच भरायची असते. तुमच्या भावाने राजीखुशीने दिली तरी कंपनीला ती घेता येत नाही. वकिलाची आणि पिटिशनची फी हाही कंपनीचाच धंद्याचा खर्च. त्यापोटी एलसीएप्रमाणे (व्हिसासाठी कंपनीने कामगार खात्याकडे भरलेला, पगार नमूद केलेला अर्ज) द्यावा लागणाऱ्या पगाराला हात लावता येत नाही.

खरी मेख 'नुकसानभरपाई'त आहे. लवकर सोडल्याचा दंड घ्यायला केंद्रीय नियमात बंदी आहे, पण आधी ठरवलेली वाजवी भरपाई चालते. दंड कुठला आणि भरपाई कुठली, हे राज्याच्या कायद्यावर ठरतं. आकड्यामागे खर्चाचा हिशोबच नसेल तर तो दंड ठरण्याची शक्यता वाढते. म्हणून मेलवर एवढंच विचारायला सांगा: ही रक्कम कशी काढली, पावत्यांसह कळवा. फोनवर बोलणं नको, जे काही ते लेखी.

व्हिसाचं म्हणाल तर माणूस सोडून गेला की यूएससीआयएसला (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) कळवणं कंपनीला तसंही बंधनकारक आहे. नव्या कंपनीची पिटिशन वेगळी असते. तुमचा भाऊ वैध व्हिसा स्टेटसमध्ये असताना ती भरली गेली असेल, तर या धमकीत दम नाही. तरी नव्या कंपनीच्या वकिलाला आजच सगळं सांगून ठेवा.

पगार कापलाच तर अमेरिकी कामगार खात्याच्या वेज अँड अवर डिव्हिजनकडे डब्ल्यूएच-४ फॉर्मवर तक्रार करता येते. पैसे लागत नाहीत, मुदत १२ महिन्यांची. जुना करार, तो तक्ता, पे-स्लिपा आणि एलसीएची प्रत त्याने कंपनीचा लॅपटॉप परत करण्याआधी स्वतःकडे ठेवावी.