डिसेंबरची बेटांची सहल: आधी समुद्र ठरवा, मग बेटं

प्रेषक: सहल समिती

मंडळी, नमस्कार.

सिंगापूरच्या शाळांच्या वर्षअखेरच्या सुट्टीत थायलंडच्या बेटांवर सात रात्रींची सहल काढायचं ठरलं आहे. आतापर्यंत २२ नावं आली आहेत, त्यात सहा मुलं आणि चार ज्येष्ठ. कच्चा आराखडा असा: फुकेट एक रात्र, फी फी दोन, रेले एक, लांता एक आणि शेवटी विमानाने कोह सामुईला दोन रात्री. जूनच्या सुट्टीत फुकेटची हॉटेलं खूप स्वस्त मिळतात, मग जूनलाच का जाऊ नये, असंही दोघांनी विचारलंय. सूचना रविवारपर्यंत कळवाव्यात.

---

प्रेषक: सदस्य, बेडोक

नमस्कार.

आराखड्यातून सामुई आधी काढून टाका. नकाशावर सामुई आणि क्राबी (रेले आणि लांता ज्या प्रांतात आहेत तो) जवळ दिसतात, पण त्यांचे समुद्र वेगळे आणि पावसाळेही वेगळे. पश्चिमेची अंदमान समुद्राची बाजू, म्हणजे फुकेट, फी फी, क्राबी आणि लांता, हिला मे ते ऑक्टोबर नैर्ऋत्य मोसमी वारा झोडपतो. आपल्या कोकणाला झोडपतो तोच. पूर्वेला थायलंडच्या आखातातली सामुई, फांगान आणि ताओ ही बेटं. त्यांना ईशान्य मोसमी वाऱ्याचा पाऊस मिळतो, चेन्नईसारखा. तिथे नोव्हेंबर सर्वांत ओला आणि डिसेंबरातही खात्री नाही. तेव्हा डिसेंबर असेल तर क्राबी-लांता आणि जून असेल तर सामुई-ताओ. एकाच सहलीत दोन्ही कोंबली की एक बाजू पावसात जाणार.

जूनमध्ये फुकेट स्वस्त मिळतं ते याच कारणाने. किनाऱ्यावर लाल बावटे असतात आणि वरून शांत दिसणाऱ्या पाण्यात माणसाला आत ओढणारे प्रवाह असतात. ५ जुलै २०१८ रोजी फुकेटजवळ वादळात 'फिनिक्स' ही पर्यटकांची बोट बुडून ४७ जण गेले. लहान मुलं घेऊन तो भाव परवडत नाही.

दुसरी गोष्ट मुक्कामांची. सात रात्रींत पाच मुक्काम म्हणजे चार दिवस नुसते सामानामागे. अकराला खोली सोडा, धक्क्यावर जा, बोटीची वाट पाहा, दीड-दोन तास प्रवास, पुन्हा गाडी, दोन वाजल्याशिवाय खोली मिळत नाही. प्रत्येक हलण्यात निदान अर्धा दिवस जातो, आणि २२ जणांत एकाची तरी बॅग मागे राहते.

माझं मत: सिंगापूरहून थेट क्राबीला उतरा. तिथल्या आओ नांग या किनाऱ्यावरच्या गावी तीन रात्री, लांताला चार, आणि परत क्राबीहूनच उड्डाण. बेटं दिवसा बोटीने करायची. आओ नांगहून पोदा, तुप, गाय आणि हाँग होतात. लांताहून मूक, क्रादान, न्गाय आणि फी फी. मुक्काम दोनच, पण बेटं सात-आठ.

शेवटचा मुक्काम लांताला ठेवण्याचं कारण असं, की तिथून क्राबी विमानतळापर्यंत रस्ता आहे. लांता याय आणि लांता नोय या दोन बेटांमध्ये पूल आहे, पुढे गाड्या वाहणारी फेरी आणि मग मुख्य भूमी. एरवी अडीच-तीन तास. नाताळ ते एक जानेवारी फेरीला गाड्यांची रांग लागते, म्हणून विमानाच्या सहा तास आधी निघा. समुद्र खवळून प्रवासी बोटी रद्द झाल्या तरी हा मार्ग बहुधा चालू राहतो. परतीच्या दिवशी विमान आणि लांब पल्ल्याची बोट यांची गाठ कधीही घालू नये.

---

प्रेषक: सदस्य, क्लेमेंटी

काकांचा आराखडा पटला. पण रेले आणि फी फीचा मुक्काम गेला म्हणून मुलं रुसणार. रेलेला एक रात्र ठेवता नाही का येणार? आणि आईंना (वय ७४, गुडघ्याचं दुखणं) बोटीत चढता-उतरता येईल का, हेही कोणी नीट सांगा.

---

प्रेषक: सदस्य, पुंगोल

ताई, रेले हे बेट नाही. मुख्य भूमीचाच तुकडा आहे, पण मागे उभे कडे असल्याने रस्ता नाही, बोटीनेच जावं लागतं. आओ नांगहून लांबशेपटी बोट माणशी १०० बात (थाई चलन) घेते, आठ जण जमले की सुटते, पंधरा-वीस मिनिटांत पोचवते. संध्याकाळनंतर भाव वाढतो. आपण २२ असल्याने थांबावं लागणार नाही. म्हणून रेले दिवसाच करा. मुक्कामाला गेलात तर सगळं सामान गुडघाभर पाण्यातून डोक्यावर.

आता चढण्या-उतरण्याचं. लांबशेपटी बोट म्हणजे लाकडी होडी. मागे खिळीवर गाडीचं डिझेल इंजिन बसवलेलं असतं, त्याला दोन-तीन मीटर लांब दांडा आणि टोकाला पंखा. नावाडी इंजिन दाबून पंखा पाण्याबाहेर उचलू शकतो, म्हणून ती उथळ पाण्यात थेट वाळूला लागते. धक्का नसतो. शिडी लावतात, ओली आणि अरुंद. उतरताना तोंड बोटीकडे करून, दोन्ही हातांनी धरून उतरायचं. पाणी गुडघ्यापासून मांडीपर्यंत, लाट आली की बोट हातभर वर-खाली होते, आणि गुडघ्याला त्रास होतो तो नेमका तेव्हा. आईंसाठी मोठी फेरी आणि तरता धक्का असलेली ठिकाणं निवडा. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, रंगीत फिती आणि हार बांधलेले असतात. ती बोटीच्या देवीची जागा, तिथे पाय देऊ नये.

स्पीडबोट वेळ वाचवते, पण पुढच्या भागात आदळआपट फार. पाठीचं दुखणं असलेल्यांनी मागच्या बाकावर, इंजिनाजवळ बसावं. गरोदर बाईंना घेतच नाहीत.

आणि कोणी लक्षात घेत नाही ती गोष्ट म्हणजे भरती-ओहोटी. क्राबीच्या बाजूला उधाणात पाणी अडीच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. पोदा-तुप-गाय असलेल्या 'चार बेटं' सहलीचं मुख्य आकर्षण म्हणजे बेटांना जोडणारा वाळूचा दांडा, थाले वेक. तो ओहोटीलाच उघडा पडतो. उलट हाँग बेटाच्या पोटातल्या खाजणात बोट शिरते ती पाणी चढलेलं असताना. दोन्ही एकाच सकाळी साधत नाहीत. वेगवेगळे दिवस ठेवा, आणि दिवस ठरवताना आधी भरतीचं कोष्टक बघा, हॉटेलच्या टेबलावरची पत्रकं नंतर.

कालनिर्णय घरात असेलच. मार्गशीर्ष पौर्णिमा, म्हणजे दत्तजयंती, आणि त्यानंतरची अमावास्या, यांच्या पुढचे एक-दोन दिवस उधाणाचे. तेव्हा ओहोटीही खोल जाते. थाले वेक त्या दिवसांत छान दिसतं, पण रेलेच्या पूर्वेला तिवरांतला चिखल उघडा पडतो आणि पश्चिमेला पोहायचं तर बरंच आत चालावं लागतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, पाणी कमी हलतं, प्रवाह मंद, आणि पाण्याखाली दिसतंही जास्त स्वच्छ. स्नॉर्केलिंगचा दिवस तिथे धरा.

लांताहून मूक बेटावरची मोराकोत गुहा करणार असाल तर हे वाचा. सुमारे ८० मीटर काळोख्या बोगद्यातून पोहत जायचं, मध्यभागी हात दिसत नाही, मग एकदम वर आकाश उघडलेली छोटी पुळण. जीवरक्षक जाकीट सगळ्यांनी घालायचं, पोहता येणाऱ्यांनीही. गट एकामागोमाग साखळीत जातो, पुढच्या आणि मागच्या माणसाकडे पाण्यात चालणारी विजेरी हवी. लाट असेल तर नावाडी नाही म्हणतो, तेव्हा हुज्जत घालू नये. आत पाणी कड्यावर आपटतं आणि डोकं छताला लागतं. काळोखाला घाबरणाऱ्या मुलाला आधी विचारा, बोगद्याच्या मध्यावर विचारून उपयोग नाही.

फी फीबद्दल: तोनसाईला गाड्या नाहीत, सामान हातगाडीवर, आणि लो दालुमच्या बाजूला रात्री उशिरापर्यंत ढणढणाट. ज्येष्ठांना घेऊन मुक्काम नको. दिवसाच्या सहलीत माया बे बघायची तर मुलांना आधीच सांगा, की तिथे पोहता येत नाही. २०१८ ते २०२२च्या सुरुवातीपर्यंत ती बंद होती. आता बोटी मागच्या लो सामाहला लागतात, पुढे लाकडी वाटेने चालत जायचं आणि पाण्यात फार तर गुडघ्यापर्यंत. पोहण्याची हौस पिले खाजणात भागवा.

---

प्रेषक: सदस्य, बुकीत बातोक

आम्ही आठ जण शाकाहारी आहोत, त्यात दोघं कांदा-लसूणही खात नाहीत. बोटीवरच्या जेवणाचं काय?

---

प्रेषक: सदस्य, बेडोक

वहिनी, बोटीवर बहुधा भात, तळलेली कोंबडी, एखादी करी आणि कलिंगड मिळतं. करीतून कोंबडी वेचून काढली म्हणजे शाकाहारी झालं असं नाही. करीच्या वाटणात 'कापी', म्हणजे कोलंबीचं वाटण, असतं आणि जवळपास प्रत्येक परतलेल्या भाजीत 'नाम प्ला', माशाचा रस. 'नो मीट' म्हटल्यावर हे दोन्ही टळत नाहीत. 'जे' म्हणा. 'जे' जेवणात मासळी, अंडं, माशाचा रस, कांदा आणि लसूण यातलं काहीच नसतं, म्हणजे तुमच्या दोघांचाही प्रश्न सुटतो. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरं दिसली तर ते 'जे'चं दुकान.

बोटीसाठी आदल्या संध्याकाळी आकडा द्या: आठ 'जे'. सकाळी धक्क्यावर सांगून काही होत नाही, डबे तेव्हा भरलेले असतात. आओ नांगला भारतीय खानावळी भरपूर आहेत, लांताला तुलनेने कमी. पहिल्या दोन दिवसांना दशम्या आणि कोरडी चटणी, पुढे मेतकूट-भात. त्या दमट हवेत ओलं खोबरं घातलेलं काही नेऊ नका, दुसऱ्या दिवशी आंबतं.

---

प्रेषक: डॉक्टर सदस्य, सेंगकांग

बोट लागण्याची गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन फायदा नाही. निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी, थोडं खाऊन. भारतातून अनेक जण प्रोमेथाझिन आणतात. त्याने झोप येते आणि ते दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. बोटीत मध्यभागी किंवा मागे बसा, नजर क्षितिजावर, मोबाईल खिशात.

जेलीफिश लागली तर जखमेवर व्हिनेगर ओता, निदान अर्धा मिनिट. गोडं पाणी नको, चोळणं नको. न फुटलेले डंख त्याने फुटतात. अनेक किनाऱ्यांवर व्हिनेगरच्या बाटल्या खांबाला लावलेल्या असतात. समुद्री साळिंदराचा काटा रुतला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, वेदना उतरते. माकडांना खायला देऊ नका. चावा किंवा ओरखडा झाला तर पंधरा मिनिटं साबणाने धुवून त्याच दिवशी रेबीजची लस.

सनस्क्रीनची बाटली उलटी करून घटक वाचा. ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्झेट, ४-मिथाइलबेन्झिलिडीन कापूर किंवा ब्युटिलपॅराबेन असलेली थायलंडच्या राष्ट्रीय उद्यानांत २०२१पासून बंद आहेत, दंड एक लाख बातपर्यंत. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घातला तर क्रीम फक्त चेहऱ्याला लागतं.

---

प्रेषक: सदस्य, जुराँग

कागदपत्रांचं एकदाच लिहितो.

थायलंडचं डिजिटल अरायव्हल कार्ड १ मे २०२५पासून लागतं. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं, मुलांचंही. ते फुकट आहे. पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची. भारतातून आलेल्या आई-वडिलांचा सिंगापूरचा व्हिसा एकदाच प्रवेश देणारा तर नाही ना, हे आजच बघा. तसा असेल तर क्राबीला जाता येईल, पण परत सिंगापुरात येता येणार नाही.

राष्ट्रीय उद्यानाचं शुल्क सहलीच्या जाहिरातीतल्या किमतीत बहुधा नसतं. आओ नांग-फी फी उद्यानाचं परदेशी प्रौढाला ४०० बात, मुलांना २००. हाँग बेट वेगळ्या उद्यानात येतं, त्याचं तिकीट वेगळं. सुटे बात जवळ ठेवा.

लांतावर स्कूटर भाड्याने देताना दुकानदार परवाना विचारत नाही, विमा कंपनी मात्र विचारते. सिंगापूरचा वर्ग ३ परवाना मोटारीचा आहे. दुचाकीचा वर्ग नसेल तर अपघाताचा एक पैसा मिळत नाही. पिकअप गाडी ठरवा.

नाताळ आणि ३१ डिसेंबरला बरीच हॉटेलं सक्तीचं मेजवानीचं शुल्क लावतात, डोई आकारलेलं आणि बुकिंगच्या पानावर तळाशी छापलेलं. बावीस डोक्यांनी गुणून बघा. शक्यतो २० डिसेंबरच्या आत परत या.

---

प्रेषक: सहल समिती

सर्वांचे आभार. सामुई रद्द. आओ नांग तीन रात्री, लांता चार, जाणं-येणं क्राबीहून, परत १९ डिसेंबरच्या आत. आओ नांग ते लांता व्हॅनने. दहा आसनी व्हॅनमध्ये सामानासह आठच माणसं नीट बसतात, म्हणून तीन व्हॅन सांगतो. चार बेटं आणि हाँग हे दोन दिवस भरतीचं कोष्टक बघून पुंगोलकर ठरवतील. मोराकोत गुहेला कोण जाणार आणि कोण बोटीवर थांबणार, चष्म्याच्या नंबरचा मास्क कोणाला हवा (नंबर अर्ध्याच्या पटीत कळवा), आणि 'जे' डबे आठ की जास्त, हे तिन्ही याच धाग्यावर शुक्रवारपर्यंत लिहा. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे. यापुढच्या सगळ्या वेळा थाई वेळेत येतील.