थर्मोस्टॅटचं झाकण निघत नाही: जुन्या गाड्यावाल्यांचा अनुभव धागा

अ‍ॅम्बेसेडरच्या १४८९ सीसी इंजिनाच्या हेडवर, पुढच्या टोकाला, वरच्या होज पाइपखाली अ‍ॅल्युमिनियमचं बाकदार झाकण असतं. त्याच्या पोटात थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप. तीन नट पाच मिनिटांत सुटतात आणि झाकण जागचं हलत नाही. नाशिकात जुन्या गाड्यांवर हात काळे करणाऱ्यांनी काय चाललं आणि काय मोडलं ते वर आपला भाग टाकून लिहावं. किस्से नकोत, मापं लिहा.

पंचवटी
झाकण गॅसकेटला चिकटलंय असं समजून लोक फटीत पेचकस घालतात. गॅसकेट एका ठोक्यात सुटतं. खरी पकड स्टडची (हेडमध्ये रोवलेला आटेदार दांडा, त्यावर नट बसतो). लोखंडी स्टड, अ‍ॅल्युमिनियमचं झाकण आणि मध्ये झिरपलेलं पाणी, म्हणजे छोटी बॅटरीच झाली. अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं, त्याची पांढरी पूड होते, पूड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि भोकात पाचर बसते. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेल्या गाडीत हे हमखास. पेचकसाने फक्त तोंडावर चरा पडतो, आणि तिथूनच पुढे गळती.

इंदिरानगर
होज पाइप पिळून ओढू नका, उभा चिरून काढा. पाइप नवा मिळतो, झाकणाची मान तुटली की जुना बाजार पालथा घालावा लागतो.

देवळाली कॅम्प
घाई न करता असं करा. इंजिन पूर्ण थंड, कूलंट परातीत काढा (उघडं ठेवू नका, गोड असतं, कुत्री पितात आणि मरतात). नटाला अर्ध्या इंची रिंग पाना. १३ चा बसतो, पण ढिला बसतो आणि कोपरे खातो.

नट काढल्यावर प्रत्येक स्टडच्या बुडाशी गंजाचं तेल, सकाळ-संध्याकाळ, तीन दिवस. एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं हे मिश्रण बाटलीतल्या तेलापेक्षा आत चांगलं शिरतं. पण ते पेटतं, म्हणून पुसून, वाळवून मगच उष्णता. तीही हॉट एअर गनची, फक्त स्टडभोवतीच्या अ‍ॅल्युमिनियमला. पाण्याचा थेंब चुर्र करून उडाला की पुरे. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे केसाएवढी फट पडते. त्याच क्षणी स्टडच्या बुडाला मेणबत्ती टेकवा, मेण आत ओढलं जाताना दिसतं. गॅसची बत्ती नको. अ‍ॅल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, एकदम बसतं. शिवाय पेट्रोल हातभर अंतरावर.

मग स्टडवर दोन नट एकमेकांवर घट्ट आवळा आणि खालच्या नटाला पाना लावून उलटं फिरवा. आधी पाव आटा मागे, पाव पुढे, असं कुरकुरत. तिन्ही स्टड बाहेर आले की झाकण हाताने उचलतं.

सातपूर
दोन नटांनी स्टड पिळवटायला लागला तर थांबा. हेडमध्ये तुटला तर काम दसपट. अशा वेळी झाकणाचं भोक मोठं करायचं. आतून ८ मिमीपेक्षा जरा मोठी आणि बाहेरून १० मिमी अशी लोखंडी नळी घ्या, तोंडाला कानशीने पाच-सहा दात पाडा, ड्रिलमध्ये धरून स्टडवर घाला. सावकाश फिरवा, रॉकेल सोडत राहा, चिप्स काढायला दर दोन-तीन मिमीला बाहेर. नळी स्टडभोवतीची पूड कापते, स्टड शाबूत राहतो. भोक १० चं होतं, वर जाड वॉशर टाकला की झालं.

तुटलाच तर बुंध्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग. ईझी-आउट (तुटलेल्या स्टडमध्ये भोक पाडून तो उलटा फिरवायचं उलट्या आट्यांचं कडक हत्यार) शेवटचा उपाय, तो आत तुटला तर ड्रिल त्याला कापत नाही.

आणखी एक. स्टडची नटाकडची बाजू ५/१६ इंची यूएनएफ (बारीक इंची आटे), इंचाला २४ आटे. ८ मिमीचा मेट्रिक नट दोन आटे गोड जातो, मग आटे खातो. हेडकडची बाजू आट्यांचं गेज लावूनच ठरवा.

नाशिकरोड
झाकण निघालंच आहे तर थर्मोस्टॅट फेकून द्या, कसाऱ्याच्या घाटात गाडी तापणार नाही, असं कुणीतरी सांगणारच. ऐकू नका. जानेवारीत निफाडकडे सकाळी निघालात तर इंजिन तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं, सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुतलं जातं. घाटात गाडी तापते ती बहुतेक वेळा रेडिएटरमधल्या क्षारांनी.

थर्मोस्टॅट तपासायला पातेल्यात दोऱ्याने लटकवा, बुडाला टेकवू नका. ८२ अंशांचा असेल तर त्याच्या आसपास हलायला लागतो, पूर्ण उघडायला आणखी दहा-पंधरा अंश. आपल्याकडे ६०० मीटर उंचीवर पाणी ९८ च्या आसपास उकळतं, तेवढं पुरतं.

अंबड
बसवताना: जाड काचेवर १८० नंबरचा पॉलिश पेपर, त्यावर झाकणाचं तोंड आठच्या आकड्यात घासा. मधे चमक नसलेला डाग उरला म्हणजे तिथे खड्डा. थर्मोस्टॅटची स्प्रिंग इंजिनाकडे. स्टडच्या गुळगुळीत भागाला अँटीसीझ (धातू एकमेकांना धरू न देणारी पेस्ट). नट आळीपाळीने, ११ न्यूटन मीटर, जास्त नाही. झाकणाचे कान तुटतात ते इथेच.

कूलंटमध्ये बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी. रेडिएटरची टोपी उघडी ठेवून इंजिन चालवा, थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा भरा. थंड झाल्यावर नट पुन्हा तपासा, नवं गॅसकेट दबलेलं असतं.